मुकुट मिळाल्यानंतर



'मॅक्बेथ' या नाटकावर बोलायला उभे राहणाऱ्या वक्त्याचे निम्मे काम श्रोत्यांनी आधीच करून ठेवलेले असते. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. लढाई जिंकून परतणारा शूर सरदार, माळावर भेटलेल्या तीन चेटकिणी, त्यांनी वर्तविलेले राजेपण, पत्नीची चिथावणी, घरी पाहुणा म्हणून आलेल्या राजाचा झोपेत केलेला खून, आणि अखेरीस किल्ल्यावर चालून येणारे अरण्य. शि. म. परांजप्यांच्या 'मानाजीराव'पासून १९५४ सालच्या शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'पर्यंत ही कथा मराठी वेषांतही आपल्याला भेटलेली आहे. तिचे तात्पर्यही आपल्याला पाठ आहे : महत्त्वाकांक्षेला लगाम नसला तर ती माणसाचा नाश करते. या तात्पर्याशी माझे भांडण नाही. माझी तक्रार एवढीच की ते फार लवकर हाती लागते, आणि मग नाटक वाचण्याचे कारणच उरत नाही.

एका साध्या गोष्टीकडे मी तुमचे लक्ष वेधतो. हे नाटक पाच अंकांचे आहे. दुसरा अंक संपताना मॅक्बेथ राज्याभिषेकासाठी स्कोनला गेल्याची वार्ता येते. म्हणजे पाचांपैकी दोन अंकांतच त्याला हवे ते मिळाले. कोणी आडवे आले नाही, कोणी पकडले नाही. महत्त्वाकांक्षेचे नाटक म्हणून याची कीर्ती आहे, पण महत्त्वाकांक्षेचे काम इथेच आटोपते. मग उरलेले तीन अंक कशाचे आहेत? ते भीतीचे आहेत, असे माझे म्हणणे आहे. मिळेपर्यंत जी हाव असते, तीच मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी भीती होते. आणि स्कॉटलंडची जी धूळधाण या नाटकात होते, ती हावेपेक्षा या भीतीने केलेली आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण शेक्सपीअरने इतिहासात काय बदलले ते पाहिल्यावाचून त्याच्या मनात काय होते ते कळत नाही. खरा मॅक्बेथ ११व्या शतकातला. १०४० साली राजा डंकन त्याच्याविरुद्धच्या लढाईत मारला गेला. हा डंकन नाटकातल्यासारखा पांढऱ्या केसांचा पुण्यपुरुष नव्हता. तो तरुण होता, आणि मॅक्बेथच्या मुलुखावर स्वतःच चालून गेला होता. त्यानंतर मॅक्बेथने थोडीथोडकी नव्हे, सतरा वर्षे राज्य केले. १०५० साली तो रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे गोरगरिबांना त्याने मुक्तहस्ताने पैसा वाटला, अशी नोंद आहे. ज्याला घरी बंडाची धास्ती आहे तो राजा एवढा लांबचा प्रवास करायला धजत नाही. १०५७ साली तो लढाईत पडला.

शेक्सपीअरने हा इतिहास वाचला तो हॉलिनशेडच्या बखरीत. ही बखर प्रथम १५७७ साली निघाली आणि १५८७ साली तिची दुसरी आवृत्ती झाली. या बखरीतला मॅक्बेथ खुनी आहे, पण त्याची बाजूही तिथे दिलेली आहे. डंकनने आपल्या अल्पवयीन मुलाला युवराज नेमले, त्यामुळे जुन्या रिवाजाप्रमाणे मॅक्बेथचा जो हक्क होता तो बुडाला. खुनात तो एकटाही नाही. बँको त्याच्याबरोबर आहे. आणि गादीवर बसल्यावर त्याने दहा वर्षे उत्तम राज्य केले, चांगले कायदे केले, असे बखरकार सांगतो. मनाला टोचणी लागून तो क्रूर बनला तो त्या दहा वर्षांनंतर.

आता शेक्सपीअरने काय केले पाहा. बँकोला त्याने खुनातून सोडविले. याचे कारण उघड आहे. नाटक १६०६च्या सुमारास लिहिलेले दिसते, आणि तेव्हा इंग्लंडच्या गादीवर होता स्कॉटलंडहून आलेला जेम्स राजा. तो आपले कुळ बँकोपर्यंत नेत असे. ज्या राजाच्या आश्रयाने नाटकमंडळी चालते त्याच्या पूर्वजाला खुनी म्हणून रंगभूमीवर आणण्याइतका शेक्सपीअर भोळा नव्हता. पण दुसरे दोन बदल राजाच्या खुशीसाठी केलेले नाहीत. मॅक्बेथचा बुडालेला हक्क त्याने जवळजवळ पुसून टाकला, आणि ती दहा चांगली वर्षे तर समूळ कापून काढली. हक्क गेला तेव्हा खुनाला सबब उरली नाही. दहा वर्षे गेली तेव्हा मुकुट आणि भीती यांच्यामध्ये अंतर उरले नाही. बखरीत भीती दहा वर्षांनी येते. नाटकात ती त्याच पहाटे येते. ती कशी येते हेच मला आज सांगायचे आहे.

महत्त्वाकांक्षा हा शब्द आपण आशीर्वाद देतानाही वापरतो. मुलगा महत्त्वाकांक्षी आहे असे कोणी म्हटले की आईबापांना मूठभर मांस चढते. तेव्हा मॅक्बेथच्या ठायी महत्त्वाकांक्षा आहे म्हणून तो वाईट, असे म्हणून भागत नाही. पहिल्या अंकातला मॅक्बेथ चार माणसांत मान असलेला, राजाच्या मर्जीतला पुरुष आहे. चेटकिणी त्याला सांगतात ते एवढेच, की तू राजा होशील. खून कर असे त्या एका शब्दानेही सांगत नाहीत. ते त्याचे तो ऐकतो. शेजारी उभा असलेला बँकोही भाकीत ऐकतो, तुझे वंशज राजे होतील असे. आणि घरी जाऊन झोपायचा प्रयत्न करतो. बँकोलाही वाईट स्वप्ने पडतात, हे मात्र विसरू नका. पुढे त्याला मॅक्बेथचा संशय येतो आणि तो गप्प बसतो, कारण एक भाकीत खरे झाले तर आपलेही होईल अशी आशा त्याला आहे. जेम्सच्या पूर्वजाला शेक्सपीअरने खुनातून सोडविले, पण अगदी कोरा ठेवला नाही, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

मॅक्बेथला लगाम नव्हता असेही नाही. खुनाच्या रात्री भोजन चालू असताना तो उठून बाहेर येतो आणि स्वतःशीच हिशेब मांडतो. डंकन आपला आप्त आहे, आपला राजा आहे, आणि आज आपल्या छपराखाली झोपणारा पाहुणा आहे. तीन बंधने, एकाहून एक जुनी. शिवाय हा राजा सज्जन आहे, त्याच्यासाठी लोक रडतील. सगळा विचार तो करतो आणि पत्नीला सांगतो की हे आपण करायचे नाही, लोकांच्या तोंडी नुकतेच कुठे माझे चांगले नाव आले आहे. पुढे त्या मनात जे राहत नाही ते सारे या घटकेला त्यात शाबूत आहे. तिचे उत्तर आपल्याला माहीत आहे. ती त्याच्या मर्दपणावरच बोट ठेवते. पण तिच्याही पोटात माया आहे, हे शेक्सपीअर अगदी ऐन वेळी दाखवितो. झोपलेला डंकन तिला आपल्या वडिलांसारखा दिसला, नाहीतर तिने स्वतःच सुरी चालविली असती, असे तिच्या तोंडून निघून जाते.

आपल्यापैकी काहींना या ठिकाणी शनिवारवाडा आठवला असेल. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशव्यांचा खून, आणि 'ध'चा 'मा' झाल्याची ती दंतकथा. आनंदीबाईंना लेडी मॅक्बेथच्या रांगेत बसविण्याचा मोह आपल्याकडे पुष्कळांना होतो. मला ती तुलना फारशी पटत नाही. राघोबादादांची पेशवाई बारभाईंनी वर्षाच्या आत मोडून काढली. रामशास्त्र्यांसारखा न्यायाधीश त्यांना तोंडावर दोषी ठरवणारा निघाला. मॅक्बेथला असे कोणी भेटत नाही. त्याचा प्रश्न हाती आलेले भोगायचा आहे. असो.

खून झाला. आता ती पहाट पाहा. मॅकडफ डंकनला उठवायला येतो, प्रेत सापडते, वाड्यात एकच आकांत होतो. पतिपत्नींनी बेत असा केला होता की दोष डंकनच्या दाराशी झोपलेल्या दोन पहारेकऱ्यांवर जावा. त्यासाठी त्यांना दारू पाजली होती, त्यांच्या अंगाला रक्त फासले होते. त्यांना मारायचे ठरले नव्हते. पण गडबडीत मॅक्बेथ आत जातो आणि त्या दोघांनाही ठार करून बाहेर येतो. राजप्रेमाच्या भरात हात आवरला नाही, असे तो सर्वांसमोर सांगतो. हे ऐकताच लेडी मॅक्बेथला घेरी येते. ती घेरी खरी की सोंग, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला ती खरी वाटते. आपल्या नवऱ्याच्या हातून आपल्याला न विचारता खून होऊ शकतो, हे तिला त्या क्षणी प्रथम कळते. डंकनचा खून मुकुटासाठी होता. हे दोन गरीब पहारेकरी मात्र केवळ शुद्धीवर येऊन बोलतील म्हणून मेले. त्यांची नावेसुद्धा नाटकात नाहीत. मॅक्बेथला अजून मुकुट मिळालेला नाही, आणि भीतीपायी झालेले पहिले दोन खून पडलेले आहेत.

राज्याभिषेक शेक्सपीअर दाखवीतच नाही. मराठीत ज्या नाटकाचे नाव 'राजमुकुट' ठेवावेसे वाटले, त्या मूळ नाटकात मुकुट डोक्यावर चढण्याचा प्रसंग दोन अंकांच्या मधल्या फटीत उरकून गेला आहे. पडदा वर जातो तेव्हा मॅक्बेथ राजा आहे. राजा म्हणून त्याचे पहिले संभाषण काय आहे? तो बँकोला रात्रीच्या मेजवानीचे आमंत्रण देतो, आणि बोलता बोलता तीन गोष्टी विचारून घेतो : आज दुपारी घोड्यावरून कुठे जाणार का, लांब जाणार का, आणि मुलगा बरोबर आहे का. वरवर पाहता यजमानाने पाहुण्याची केलेली ही चौकशी. आतून मारेकऱ्यांसाठी गोळा केलेली माहिती. बँको जाताच मॅक्बेथ मनाशी म्हणतो की नुसते राजा होण्यात काही नाही, निर्धास्तपणे राजा असायला हवे. इथून पुढे नाटक संपेपर्यंत त्याला एवढेच हवे आहे. राज्य घेऊन काय करायचे, कोणता कायदा करायचा, कोणाचे भले करायचे, याबद्दल तो अवाक्षरही बोलत नाही. राजेपणाचे त्याला आकर्षण होते, राज्याचे नव्हते. आणि राजेपण हे असे चीज आहे की ते मिळविल्यावर राखण्यापलीकडे त्याचे काही करता येत नाही.

बँकोचा खून तो पत्नीला सांगत नाही. प्रिये, तू यात पडू नकोस, झाल्यावर वाहवा कर, अशा अर्थाचे काही गोड बोलून तिला बाजूला ठेवतो. चेटकिणींची हकीकत जिला त्याने पत्राने सर्वांआधी कळविली, जिला आपल्या थोरवीची भागीदार म्हटले, तिलाच तो आता लांब ठेवतो. हे मला या नाटकातले सर्वांत करुण स्थळ वाटते. दोघांनी मिळून एक पाप केले, आणि त्या पापानेच त्यांचे मिळून काही करणे संपविले.

मग ती मेजवानी येते. सुरुवातीला राजा पाहुण्यांना सांगतो की आपापल्या मानाप्रमाणे बसा. दरबारी पंगत ती. कोणाचे आसन कुठे हे ठरलेले असते, आणि त्या ठरलेपणातच राज्य असते. पाहुणे बसतात. मॅक्बेथ बसायला जातो तर त्याला जागा नाही. त्याच्या आसनावर बँकोचे रक्ताळलेले भूत बसलेले आहे, आणि ते दिसते फक्त त्याला. ज्याने गादीसाठी एवढे केले त्याला जेवायच्या टेबलाशी बूड टेकायला जागा मिळू नये, यापलीकडे नाटककाराने आणखी काय लिहायला हवे होते? राजा भुताशी बोलू लागतो, आरडाओरडा करतो, पत्नी सावरण्याची शिकस्त करते, आणि शेवटी पाहुण्यांना म्हणते की जाण्याच्या क्रमाचा विचार करू नका, एकदम निघा. मानाप्रमाणे बसलेली पंगत मान सोडून उधळते. लोक गेल्यावर तो सहज बोलून जातो की माझ्या प्रत्येक सरदाराच्या घरी माझा पगारी हेर आहे. या प्रसंगानंतर ही पतिपत्नी नाटकात पुन्हा एकत्र दिसत नाहीत.

पुढचा खून मॅकडफच्या बायकामुलांचा. डंकनच्या वेळी मॅक्बेथने रात्रभर स्वतःशी झगडा केला होता. बँकोच्या वेळी मारेकऱ्यांना त्याने निदान कारणे सांगितली, त्यांची समजूत घातली. या वेळी तो ठरवितो की मनात आले की हात चाललाच पाहिजे, मध्ये विचार नको. मॅकडफ इंग्लंडला निसटलेला आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे या स्त्रीला आणि मुलांना मारून काही मिळायचे नाही, कोणता धोका टळायचा नाही. भीती अशा टोकाला गेली म्हणजे तिला कारणाचीही गरज उरत नाही. त्या प्रवेशातला मॅकडफचा लहान मुलगा आईशी चुरचुर बोलत असतो, दुष्ट माणसे संख्येने जास्त असताना सज्जन त्यांना फाशी कसे देणार, अशा पोरकट तर्काने तिला हसवीत असतो. त्याला आपल्यासमोर भोसकले जाते. डंकनचा खून शेक्सपीअरने पडद्याआड ठेवला, हा उघडा दाखविला.

याच्या पाठोपाठ येतो तो इंग्लंडमधला लांबलचक प्रवेश. प्रयोगात त्याला बहुधा कात्री लागते, आणि वाचकही तो चाळून पुढे जातात. माझ्या मते तो वगळला तर या नाटकाचा देशाशी असलेला संबंध तुटतो. डंकनचा मुलगा माल्कम तिथे आश्रयाला आहे. मॅकडफ त्याला न्यायला आला आहे. दोघेही सज्जन, दोघांचा शत्रू एक. पण माल्कमचा मॅकडफवर विश्वास बसत नाही, कारण मॅक्बेथने याआधी हेर पाठवून त्याला जाळ्यात ओढण्याचे प्रयत्न केलेले आहेत. म्हणून तो खोटेच सांगू लागतो की मी मॅक्बेथहून वाईट आहे. मी लंपट आहे म्हणतो; मॅकडफ म्हणतो, चालेल, राजाला स्त्रियांची वाण नाही. मी लोभी आहे म्हणतो; मॅकडफ मान डोलावतो, हेही निभावून नेता येईल. देशाची अवस्था अशी झाली आहे की सरळ मनाचा एक सरदार मुलाहिजा न ठेवता अवगुणांचा भाव ठरवीत बसला आहे. राजाला लागणारा एकही गुण माझ्यात नाही असे माल्कम म्हणतो, तेव्हा कुठे मॅकडफ हताश होऊन ओरडतो, आणि तेव्हा माल्कमची खात्री पटते. एका माणसाच्या भीतीने दुसऱ्या दोन भल्या माणसांना खोटे बोलून एकमेकांची पारख करायला लावली. आणि त्याच ठिकाणी रॉस येतो, ज्याच्याजवळ मॅकडफच्या घरची बातमी आहे, आणि विचारल्यावर तोही आधी सर्व क्षेम आहे असेच म्हणतो.

डनसिनेनच्या किल्ल्यातही तीच हवा आहे. राणी झोपेत चालते, हात चोळते, बोलते. रात्रभर जवळ दिवा लागतो तिला. हीच बाई पूर्वी काळोखाला हाक मारीत होती. तिच्या दासीने सगळे ऐकले आहे, पण वैद्य विचारतो तेव्हा ती सांगत नाही. साक्षीदार नसताना असे शब्द उच्चारायला ती तयार नाही. वैद्याला सर्व कळते, आणि तोही म्हणतो की मला वाटते ते बोलायची छाती नाही. राजाच्या कानावर घालायला हवी अशी एकच गोष्ट त्या वाड्यात आहे, ती प्रत्येकाला माहीत आहे, आणि कोणी सांगत नाही.

पाचव्या अंकातला मॅक्बेथ मला पहिल्यापेक्षा जास्त ओळखीचा वाटतो, हे मी लपवीत नाही. तो आता म्हातारपणाची भाषा बोलतो. उतारवयात माणसाला मान मिळावा, माया मिळावी, भोवती स्नेही असावेत, ते आपल्याला मिळणार नाही हे त्याला कळून चुकले आहे. ही सारी पुंजी पहिल्या अंकात त्याच्या पदरात होती. मग आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो आणि तो म्हणतो की एके काळी असे काही ऐकले तर माझ्या अंगावर काटा यायचा. आता भीतीची चवही विसरलो. राणी मेल्याची बातमी येते. ज्या स्त्रीवाचून त्याचे पाऊल पुढे पडत नव्हते तिच्यासाठी त्याला रडू येत नाही. तो बोलतो ते उद्यांविषयी बोलतो, एकामागून एक येत राहणाऱ्या, अर्थ नसलेल्या उद्यांविषयी. त्याने सर्व काही उद्यासाठी केले होते. शेक्सपीअरच्या शोकांतिकांत हे नाटक सर्वांत छोटे, 'हॅम्लेट'च्या जवळपास निम्मे. पण या ठिकाणी आपण पोहोचतो तेव्हा कितीतरी वर्षे लोटल्यासारखी वाटतात.

शेवट तुम्हाला माहीत आहे. मॅकडफ मॅक्बेथचे शीर घेऊन येतो. माल्कम राजा म्हणून पुकारला जातो आणि तिथल्या तिथे आपल्या सरदारांना नवे किताब देतो; यापूर्वी स्कॉटलंडात नव्हते असे, अर्ल हे किताब. मला हे ऐकताना दर वेळी पहिला अंक आठवतो. तिथेही लढाई नुकतीच संपली होती, तिथेही एका फितुराचा निकाल लागला होता, आणि तिथेही एका भल्या राजाने खूश होऊन एका शूर सरदाराला नवा किताब दिला होता. सरदाराचे नाव मॅक्बेथ. रोमन पोलान्स्कीने १९७१ साली केलेल्या चित्रपटाच्या शेवटी माल्कमचा धाकटा भाऊ डोनलबेन घोड्यावरून एकटा त्या चेटकिणींकडे जाताना दाखविला आहे. मूळ नाटकात ते नाही. मूळ नाटकात माल्कम सर्वांना अभिषेकासाठी स्कोनला बोलावितो, तुताऱ्या वाजतात, मंडळी निघतात. आणि बँकोचा मुलगा फ्लीअन्स, ज्याच्या वंशाला राज्य मिळायचे भाकीत अजून तसेच आहे, तो कुठे आहे याची चौकशी कोणी करीत नाही.